एकविसाव्या दिवशीचा अंगठा

चिंचाळवाडीच्या सरकारी मराठी शाळेच्या फाटकावर डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी फलक लागला. दहा फूट लांब, सहा फूट उंच. डाव्या बाजूला शाईचा एक अंगठा, भाकरीएवढा मोठा केलेला. उजव्या बाजूला निळ्या शाईतली सही: भागम्मा. दोहोंच्या मध्ये लाल बाण. अंगठ्याखाली छापलं होतं, ‘दिवस पहिला’. सहीखाली, ‘दिवस एकविसावा’. वर मोठ्या अक्षरांत, ‘छोटी सवय, मोठा बदल’. खालच्या कोपऱ्यात हात बांधून हसणारे प्रशांतकुमार, गुलबर्ग्याच्या एका संस्थेचे प्रशिक्षक.

भागम्मा साडेनऊला शाळेत आली. ती तिथली मुख्य स्वयंपाकीण. फाटकाशी थांबून तिनं फलक सगळा वाचला, संस्थेच्या फोन नंबरासकट. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती काही सोडत नाही.

अंगठा तिचाच होता. सहीही तिचीच होती. अंगठा ४ जून २०१२ चा होता आणि सही गेल्या महिन्यातली. मधली बारा वर्षं आणि पाच महिने त्या लाल बाणानं गिळले होते.

चिंचाळवाडी कानडी मुलखातल्या हुलसूरपासून सात किलोमीटरवर. शाळा पहिली ते पाचवी, मुलं अडतीस. भागम्मा कामाला लागली तेव्हा मुलं एकसष्ट होती. तेव्हा तिचं वय अडतीस होतं आणि तिला एकही अक्षर येत नव्हतं. शाळेत दुपारच्या जेवणाचा एक नियम आहे: मुलांना वाढण्याआधी स्वयंपाक करणारीनं स्वतः खायचं, मग एका शिक्षकानं खायचं, आणि दोघांनी वहीत तशी नोंद करायची. त्या वहीला सगळे चवीची वही म्हणतात. एक दिवस, एक पान. पहिल्या दिवशी भागम्मानं भात-सांबार खाल्लं, तोंड पुसलं आणि पानावर अंगठा उठवला. फलकावर छापलेला तो हाच.

अंगठ्याची तिला लाज वाटली नव्हती. तिच्या घरात सगळ्यांचा अंगठाच होता. पण तुरीची डाळ शिजायला पन्नास मिनिटं लागतात, आणि त्या पन्नास मिनिटांत करण्यासारखं दुसरं काम नसे. तांदूळ निवडून झालेला, भाजी चिरून झालेली. स्वयंपाकखोलीच्या खिडकीला लागूनच पहिलीचा वर्ग. तिथून रोज अक्षरं ऐकू यायची. तिनं एके दिवशी वर्गाबाहेर झाडून टाकलेला खडूचा तुकडा उचलला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर, पातेल्याशेजारी, ऐकलेलं अक्षर फळ्यावर दिसलं तसं काढलं. डाळ उतू जायला लागली तसं ओल्या फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी परत काढलं. तिसऱ्या दिवशीही.

दर जूनला पहिलीत नवी मुलं यायची आणि अक्षरं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. पोरं दुसरीत गेली की भागम्मा खिडकीशी उरायची. ती स्वतःच सांगायची, “मी बारा वर्सं पहिलीत हाय. एवडी ढ पोरगी ह्या साळेत दुसरी न्हाई.”

एवढीच तिची सवय. तिला कुणी तक्ता दिला नव्हता, कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. लिंगायताच्या घरी सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतात तसं ती ते करायची, रोज, थोडं, न बोलता.

प्रशांतकुमार शाळेत एकूण दोनदा आले. नोव्हेंबरच्या चार तारखेला पहिल्यांदा, आणि नंतर एकविसाव्या दिवशी. त्यांच्या संस्थेची योजना होती: प्रत्येकानं एक नवी सवय निवडायची, एकवीस चौकोनांच्या कागदावर रोज एक खूण करायची, एकविसाव्या दिवशी माणूस बदललेला असतो. मुलांनी दात घासणं निवडलं. एका मास्तरांनी गुटखा सोडणं निवडलं आणि अकराव्या दिवशी कागद हरवला. स्वयंपाकघरासाठी प्रशांतकुमारांनी स्वतःच निवडलं: सही.

“मला येती सही,” भागम्मा म्हणाली होती.

“वा! मग तुमचं टार्गेट आधीच पूर्ण, अक्का!” असं म्हणून त्यांनी तिच्या सहीचा फोटो काढला आणि मुख्याध्यापकांना विचारलं, “सर, यांचा जुना अंगठा कुठं सापडेल का?”

मुख्याध्यापक संकर्षण सरांनी सापडवून दिला. चवीच्या जुन्या वह्या स्वयंपाकखोलीच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांखाली रचलेल्या असतात. जमिनीची ओल पोत्यांना लागू नये म्हणून भागम्मानंच त्या तशा रचल्या होत्या. सरांनी सगळ्यात खालची, पहिल्या वर्षाची वही ओढून काढली, झटकली आणि प्रशांतकुमारांच्या हातात दिली. ती ते गुलबर्ग्याला घेऊन गेले. भागम्मा त्या वेळी वाढत होती. तिला कळलं ते फलकावरून.

ती स्वयंपाकखोलीत शिरली तेव्हा महानंदानं डाळ चढवलेली होती. महानंदा तिची मदतनीस, चौतिशीची, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून. जूनपासून भागम्मा तिला डाळ शिजेपर्यंत लिहायला बसवत होती. सहा महिन्यांत महानंदाला तीन अक्षरं आली होती: म, हा, नं. चौथं येत नव्हतं. ‘द’ची शेपटी तिच्या हातून दर वेळी उलटी वळायची.

त्या दिवशी खडूचा डबा फळीवरून खाली आलाच नव्हता.

“आज लिवायचं न्हाई का?”

“न्हाई.”

“कामून?”

महानंदानं पळी पातेल्यावर आपटली. “बाहेर वाचून दावलं मला चौथीच्या पोरीनं. एकवीस दिवसांत आलं मने तुला. मला सहा म्हैने झाले, माजं नावबी पुरं हुयना. माजं डोस्कं मातीचं हाय, अक्का. उगं खडू झिजवायलेय.”

“आगं, खोटं हाय ते.”

“अंगठा तुजा न्हाई?”

“माजाच हाय.”

“सही?”

“माजीच.”

“मग खोटं काय हाय त्यात? आन् एवडं मोटं खोटं छापतेत व्हय कुनी? दीड-दोन हजार लागले असतील त्याला.”

भागम्माकडे उत्तर होतं, पण ते बारा वर्षांचं होतं आणि फलक एका बाणाचा होता. पन्नास मिनिटं दोघी डाळीकडे बघत बसल्या. मंगळवारी तसंच झालं. बुधवारी महानंदानं खडूच्या डब्यात जिरं भरलं.

तेव्हा भागम्मा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

संकर्षण सर वाईट माणूस नव्हते. वेळेवर यायचे, मुलांना मारत नसत, जेवणाची चव स्वतः घ्यायचे आणि मीठ कमी असलं तर तसं वहीत लिहायचे. पण शाळेची मुलं दरसाल घटत होती, आणि कमी मुलांच्या शाळांची एक यादी कुठंतरी तयार होते आहे असं त्यांनी ऐकलं होतं. संस्थेनं शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचं कबूल केलं होतं. स्मार्ट बोर्ड आला की मुलं येतील, मुलं आली की शाळा टिकेल, असा त्यांचा हिशेब होता.

“सर, तो फलक काडा.”

“का? तुमचं नाव झालंय, अक्का. आख्ख्या तालुक्यात लागलाय तो.”

“एकवीस दिवस मनलंय त्यात.”

“अहो, नुसता बाण आहे तो. लोकांना समजावं म्हणून.”

“माजी बारा वर्सं हायेत त्या बानात.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघा. शनिवारी गुलबर्ग्याला कार्यक्रम आहे. चारशे शिक्षक येणार. तुमचा सत्कार आहे. तुम्ही फक्त दोन वाक्यं बोलायची. लिहून आलीत.” त्यांनी एक कागद पुढे केला.

भागम्मानं तो तिथंच उभ्यानं वाचला. संस्थेनं कागदावर कानडी आणि मराठी, दोन्ही लिप्यांत छापलं होतं. तिनं मराठीतलं वाचलं. पहिलं वाक्य: ‘एकवीस दिवसांपूर्वी मी निरक्षर होते.’ दुसरं: ‘आज मी माझी सही करते, याचं श्रेय या उपक्रमाला आहे.’

“सर, हे मी वाचायलेय. म्हंजे हे खोटं हाय हे तुमाला दिसायलंय की.”

सरांनी प्रशांतकुमारांना फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. प्रशांतकुमार गाडीत होते. भागम्मा जे बोलली ते त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. ऐकायची त्यांना सवय होती. तेही त्यांच्या प्रशिक्षणात होतं.

“अक्का, तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण जरा विचार करा. लोकांना बारा वर्षं म्हणून सांगितलं तर सुरू कोण करणार?”

“आन् एकवीस मनून सांगितलं तर बाविसाव्या दिशी कोन टिकल?”

फोनमधून हसू आलं. “वा! वा! काय बोलता हो तुम्ही! हे मी लिहून घेतो. शनिवारी भेटू.”

सरांनी फोन खिशात ठेवला. “शाळेसाठी करा, अक्का,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या दोन वाक्यांनी बोर्ड येतो.”

घरी नवऱ्यानं, काशप्पानं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सत्कारात शाल देतेत?”

“देतेत मने.”

“मग दोन वाक्यं बोल की. शाल मला दे. थंडी लई पडलीय औंदा.”

“आन् महानंदा?”

“तिला कशाला शाल?”

भागम्मा भाकरी थापायला उठली.

शनिवारी महानंदा शाळेत राहिली, कारण कार्यक्रम असला तरी मुलांना जेवायला लागतंच. संकर्षण सर आणि भागम्मा जीपनं पहाटे निघून साडेदहाला गुलबर्ग्याला पोचले. सभागृहात खुर्च्या भरलेल्या होत्या. व्यासपीठामागे फाटकावरचाच फलक, त्याहून चौपट मोठा. आणि व्यासपीठाच्या मधोमध एका तिरक्या लाकडी घोडीवर चवीची वही ठेवलेली होती, पहिल्या पानाशी उघडलेली, वर झेंडूची माळ. पोथी ठेवावी तशी.

भागम्माची नजर वहीवर गेली आणि नंतर ती दुसरीकडे हललीच नाही. वहीचा वरचा उजवा कोपरा तांदळातल्या किड्यांनी खाल्लेला होता. ती खात्रीनं तिचीच वही होती.

प्रशांतकुमार चाळीस मिनिटं बोलले. ते कानडीतून बोलले, आणि चांगलं बोलले. दगडावर पाणी थेंबाथेंबानं पडतं, असं म्हणाले. कोळी कसं जाळं विणतो ते सांगितलं. मग म्हणाले, एकवीस दिवसांत काय होऊ शकतं याचा जिवंत पुरावा मी आज सोबत आणला आहे, आणि भागम्माच्या नावानं टाळ्या मागितल्या.

ती वर गेली. माईक तिच्यासाठी खाली करावा लागला. छापलेला कागद तिनं घडी करून कमरेला खोचला.

“शरणु शरणार्थी,” असा तिनं हात जोडून नमस्कार केला, आणि मग कानडीतच पुढं बोलली. “ही वही माझी आहे. एका दिवसाचं एक पान. मी मोजून दाखवते.”

तिनं झेंडूची माळ काढून बाजूला ठेवली. बोट जिभेला लावलं आणि पानं उलटायला लागली. “ओंदु. एरडु. मूरु.” समोरच्या शिक्षकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तेही तिच्याबरोबर मोजू लागले. दहाच्या पुढं आख्खं सभागृह मोजत होतं. प्रशांतकुमारही हसत हसत मोजत होते. “हत्तोंबत्तु. इप्पत्तु. इप्पत्तोंदु.”

एकवीस.

तिनं वही घोडीवरून उचलली आणि लोकांकडे तोंड करून धरली. “२७ जून २०१२. बुधवार. शाळेचा एकविसावा दिवस. काय आहे इथं?”

तिनं पान पहिल्या रांगेपुढं फिरवलं.

“पुढच्या ओळीतल्या बाई, तुम्ही सांगा. तुम्ही मास्तरीण आहात.”

“अंगठा,” बाई म्हणाल्या.

“मागं ऐकू गेलं नाही.”

“अंगठा आहे.”

“हळदीचा पिवळा डागसुद्धा आहे. त्या दिवशी हात नीट धुतला नव्हता.” तिनं शेवटचं पान काढलं. “हे बघा. ६ एप्रिल. वर्ष संपलं. अंगठा. मला नावाचं पहिलं अक्षर यायला चौदा महिने लागले, सही पुरी व्हायला तीन वर्षं, आणि वाचायला सात. जोडाक्षर आलं की अजून अडते. कुणी मला शिकवलं नाही आणि कुणी एकवीस दिवस दिले नाहीत. आमच्या शाळेत एक बाई आहे. सहा महिन्यांत तिला तीन अक्षरं आली. तुमचा फलक बघून तिनं खडू टाकला. मी एवढंच सांगायला आले, की एकविसाव्या दिवशी आलं नाही म्हणून कुणी उठून जाऊ नये.”

सभागृह गप्प झालं. तीन-चार क्षण. एवढ्या वेळात काहीही होऊ शकलं असतं. कुणीतरी उठून विचारू शकलं असतं, मग फलकावर हे काय छापलंय? चारशे शिक्षक होते. रोज मुलांच्या वह्या तपासणारे, एका चुकीच्या बेरजेला लाल फुली मारणारे.

कुणी उठलं नाही. प्रशांतकुमार पुढं आले, दुसरा माईक घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, “बघितलंत? ही ती नम्रता! बारा वर्षं या माउलीनं मनात इच्छा बाळगली, आणि एकवीस दिवसांत ती पूर्ण झाली. टाळ्या!”

टाळ्या झाल्या. पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. लोक उभे राहिले. काही बायकांनी डोळे पुसले. पुढच्या ओळीतल्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. ज्यांनी स्वतःच्या तोंडानं अंगठा म्हणून वाचलं होतं त्यांनी.

भागम्मा टाळ्या थांबायची वाट बघत उभी होती. पुन्हा सांगावं असं तिच्या मनात होतं. पण माईक कुणीतरी बंद केला होता. एक माणूस शाल उलगडत तिच्याकडे आला. तिनं खांदे मागं घेतले.

“शाल नको,” ती म्हणाली. “वही आमच्या साळेची हाय.” आणि वही पोटाशी धरून पायऱ्या उतरून खाली आली.

जीपमधून परतताना हुमनाबादच्या पुढं संकर्षण सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुम्ही शाळा बुडवलीत, अक्का.”

“सर, मी बारा वर्सं पहिलीत बसलेय त्या साळेत. मी कामून बुडवू? तुमी मला मनलाव, खोटं बोल, बोर्ड येतो. बोर्डावर काय शिकवनार हुताव पोरांना?”

सरांनी काच वर केली.

सोमवारी डाळ चढल्यावर भागम्मानं ती वही ओट्यावर महानंदाच्या पुढं ठेवली. महानंदानं हात पुसले आणि पानं उलटली. पाच, दहा, तीस. सगळीकडे अंगठे. कुठं शाई जास्त, कुठं कमी, कुठं सांबाराचा शिंतोडा.

“हे समदे तुजेच?”

“माजेच.”

“एकविसाव्याला बी?”

“बग की.”

महानंदा नुसतं बघून ऐकणारी नव्हती. तिनं पहिल्यापासून मोजलं, चुकली, परत मोजलं. मग म्हणाली, “आन् अक्षर कुटं हाय पयलं?”

ते दुसऱ्या वहीत होतं, आणि दुसरी वही पोत्यांखाली होती. दोघींनी मिळून पन्नास किलोची तीन पोती सरकवली. महानंदाच्या बांगड्या वाढल्या. वही मिळाली. १९ ऑगस्ट २०१३ च्या पानावर अंगठ्याच्या जागी एक ‘भ’ होता, एका बाजूला कललेला, मधेच तुटलेला. महानंदानं त्यावर बोट फिरवलं आणि पान उलटलं.

“आन् दुसऱ्या दिशी परत अंगठा! कामून गं?”

“भ्या वाटलं. मास्तर हसले तर?”

“हसले का?”

“त्यांनी बघितलंच न्हाई.”

महानंदा हसायला लागली. हसता हसता तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, आणि हसणं थांबलं. “तुला चौदा म्हैन्याला एक अक्षर. मला सहा म्हैन्याला तीन.” तिनं भागम्माकडे मान वर करून बघितलं. “म्हंजे मी तुज्या लई पुडं हाय की गं, अक्का! आन् तू मला शानपन शिकवायलीस!”

जिरं डब्यातून परत बाटलीत गेलं.

गुरुवारी वरच्या कचेरीचं पत्र आलं. भागम्मानं कार्यक्रमाच्या ठिकाणाहून शासकीय वही परवानगीशिवाय का उचलून नेली आणि कार्यक्रमाची शोभा का घालवली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत द्यावा. न दिल्यास कामावरून कमी करण्याचा विचार केला जाईल. ती वही शाळेतून गुलबर्ग्याला कुणाच्या परवानगीनं गेली होती, याबद्दल पत्रात एक शब्द नव्हता. पत्राची पोच म्हणून सही हवी होती. पत्र घेऊन आलेल्या शिपायानं बारा वर्षांपूर्वीच्या सवयीनं शाईचा डबा उघडून पुढं केला.

भागम्मानं डबा बंद करून त्याच्या हातात दिला. पत्र तिनं डाळ शिजेपर्यंत वाचलं. मग सही केली.

“मी लिहून देतो खुलासा,” संकर्षण सर म्हणाले. “चुकून झालं, क्षमस्व, असं लिहू. तुम्ही फक्त खाली सही करा. हे मी तुमच्यासाठी म्हणतोय, अक्का. काम जाईल.”

“मी लिवते.”

“तुम्ही?”

“उद्या आन् परवा. दोन डाळी लागतील.”

तिला खरंच दोन दिवस लागले. आधी खडूनं फरशीवर एकेक वाक्य काढायचं, मग पेनानं कागदावर उतरवायचं, मग फरशी पुसायची. खुलासा असा होता:

‘वही मी नेली. ती आमच्या शाळेची आहे. तिच्यात माझे वर्षभराचे अंगठे आहेत. एकविसाव्या दिवशी अंगठा होता. फलकावर तिथं सही छापली. ते खोटं आहे. मी तीन वर्षांनी सही शिकले. वही न विचारता नेली त्याची माफी मागते. फलक न विचारता लावला त्याची माफी कोण मागणार ते कळवावं. भागम्मा.’

खाली साक्षीदाराची सही लागते. संकर्षण सरांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि साक्षीदार व्हायला नकार दिला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी तो परत केला. भागम्मानं कागद तिथंच, त्यांच्या टेबलावर, सोबत आलेल्या महानंदाच्या पुढं सरकवला.

महानंदानं पेन मुठीत धरलं. जीभ दातांत धरून तिनं ‘म’ काढला. मग ‘हा’. मग ‘नं’, आणि त्यावरचं टिंब जोरात दाबलं. ‘द’ काढायला हात उचलला आणि तसाच थांबला.

“हे अर्धवट आहे,” सर म्हणाले. त्यांनी खणातून शाईचा डबा काढला. “नाव पुरं नाही तर सही धरत नाहीत. अंगठा दे.”

महानंदानं डब्याकडे बघितलं, मग भागम्माकडे.

“डबा आत ठिवा, सर,” भागम्मा म्हणाली. “एक अक्षर राहिलंय. ते येईल तवा घालील ती. तंवर एवडंच पाठवा.”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

“इचारू द्या. मी सांगते.”

सरांनी डब्याचं झाकण लावलं. कागद त्यांनी पाकिटात घातला, पण पाकीट चिकटवलं नाही. स्वयंपाकखोलीतून डाळ उतू गेल्याचा चर्र आवाज आला आणि दोघी तिकडं धावल्या. फरशीवर कालचं एक वाक्य पुसायचं राहिलं होतं. त्यावरून पिवळं पाणी वाहत होतं. महानंदानं फडकं घेतलं, ओटा पुसला, आणि फरशी वाळायची वाट न बघता त्याच ओल्या जागी खडू टेकवला.

फलक अजून फाटकावर आहे.